माझ्या दारातलं गाऱ्हाणं

त्या शिमग्याला माझ्या दारात आणलेली नवरी मिशीवाली होती.

नऊवारी लुगडं, तोंडाला चुना, छातीला करवंट्या. डोक्यात सुरंगीचा वळेसर. गजऱ्याला आमच्याकडे वळेसर म्हणतात. लुगड्यात होता गजा. एसटीत कंडक्टर, माझाच जुना विद्यार्थी. मागे ढोल आणि अख्खी वाडी. शिमग्यात अशी सोंगं घरोघर नाचत येतात, नारळ-पैसे घेऊन जातात. माझ्या दारात मात्र दरवर्षी एकच सोंग यायचं. नवरी.

गजाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बारीक आवाज काढून म्हणाला, "घोवानू, माका घरात घेवा मां."

लोक हसले. मीही हसलो. शिमग्यात राग धरायचा नसतो, असा नियम आहे. ज्यांची चेष्टा होते त्यांनी हा नियम केलेला नाही, एवढं माझ्या लक्षात यायला आयुष्य गेलं.

गर्दीच्या कडेला आप्पासाहेब उभे होते. धूळ उडत होती म्हणून नाकाला रुमाल. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, थोरल्या घरचे, म्हणजे गावच्या खोतांच्या घरचे. त्यांनी तात्या गावकराला खूण केली. गाऱ्हाणं घालायचा मान तात्याचा. एक एक वाक्य तो देवाला सांगतो आणि जमलेले सगळे हात जोडून 'व्हय महाराजा' म्हणतात. तात्याने नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, हो तुझो लेकरू मास्तर, पोरांका शिकवन शिकवन म्हातारो झालो."

"व्हय महाराजा."

"तेच्या चुलीर आजून बायलमाणसाचो हात पडाक नाय."

"व्हय महाराजा."

"तेच्यात काय खोट आसात, तर ती काड. आनि फुडल्या शिमग्यापयली तेच्या दारात बायल हाड."

"व्हय महाराजा."

खोट हा शब्द त्या वर्षी नवा होता. दरवर्षी काहीतरी नवीन घालायचे. आप्पासाहेबांनी रुमाल बाजूला केला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "देवाला सांगा, मास्तर यंदा पेन्शनर झाले. जरा घाई कर म्हणावं."

पुन्हा हशा. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण आमच्याकडे असं मानतात की घरात घातलेल्या गाऱ्हाण्याला घरधन्याने शेवटी स्वतः साथ द्यायला हवी. तो म्हणाला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही.

मी हात जोडले. म्हणालो, "व्हय महाराजा."

तारुण्यापासून म्हणत आलो होतो. माझ्या अपमानावर शेवटची सही दरवर्षी माझीच.

ते गेल्यावर पडवीत सुरंगीची फुलं सांडलेली होती. ती गोळा केली. वास नाकात जाऊ नये म्हणून श्वास धरला आणि परसात नेऊन टाकली.

सुरंगीचं मला वावडं नव्हतं. उलट. माझी आई सुरंगी विकायची. आमच्या परसात झाड आहे. फूल पूर्ण उमलायच्या आत, पहाटे कळ्या काढायच्या, मुंग्या चावतात त्या सोसायच्या, मग कळ्या केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या दोऱ्यात, ओवायच्या आणि मालवणच्या बाजारात नेऊन बसायचं. ओवायला मी तिच्या शेजारी बसायचो. माझा हात तिच्यापेक्षा जलद चालायचा. एकदा उरलेल्या फुलांचा छोटा वळेसर मी मनगटाला बांधला आणि तसाच थोरल्या घरी ताक आणायला गेलो. अकरा-बारा वर्षांचा असेन. ओटीवर आप्पासाहेबांचे वडील बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, वास आवडला असेल. त्यांनी मनगट पकडलं, वळेसर तोडला आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारली. सगळे जमल्यावर मला सांगितलं, "मुरड बघू जरा. बायल्या, मुरडून दाखव."

मी मुरडून दाखवलं. खोत सांगतात ते करायचं, एवढंच मला घरी शिकवलं होतं. माझे वडील त्यांचे कूळ. आप्पासाहेब माझ्याच वयाचे, ते सर्वांत जास्त हसले.

त्यानंतर मी सुरंगी ओवली नाही. आई विचारायची, येतस काय रे ओवक. मी शाळेची पाटी पुढे ओढायचो.

पण त्याच घराने मला शिकवलं हेही खरं आहे, आणि ते लपवून हे लिहिणं अप्रामाणिक होईल. मालवणच्या हायस्कुलात माझं नाव घालायला आप्पासाहेबांचे वडील स्वतः आले होते. मी त्यांच्याकडे राहिलो. पहाटे त्यांच्या पोफळींना पाणी लावायचं, मग शाळा. मागच्या दारी जेवायचं. त्यांच्या कंदिलाखाली मी मॅट्रिक झालो. पुढे ट्रेनिंग झालं, नोकरी त्यांच्याच संस्थेत लागली, नोकरी करत बाहेरून बी.ए. केलं. आमच्या घराण्यात मी पहिला. माझ्या बापाला सही येत नव्हती. निकाल लागला तेव्हा थोरल्या घरी पेढे वाटले, आणि आप्पासाहेबांच्या वडिलांनी मला पुढे करून पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या घरचा पोरगा." मी भर सभेत रडलो. ते अश्रू खोटे नव्हते. आजही नाहीत.

या कृतज्ञतेने माझी मान जी वाकवली ती वाकवलीच. मुख्याध्यापक झालो तरी थोरल्या घरी गेल्यावर मी पायरीजवळच्या बाकावर बसायचो. ओटीवर खुर्च्या असायच्या. मला कोणी नको म्हटलं नव्हतं. मीच बसत नव्हतो.

आता मुख्य गोष्ट. मी पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष आहे. हे वाक्य मी साठाव्या वर्षी पहिल्यांदा लिहितो आहे. आयुष्यभर मराठी शिकवली, समानार्थी शब्द शिकवले, आणि स्वतःसाठी शब्द नव्हता. गावात जे होते त्या शिव्या होत्या. पुढे एका मासिकात 'समलिंगी' असा शब्द वाचला. तो खूप कागदी वाटला, पण निदान तो कोणी थुंकून म्हटलेला नव्हता.

ट्रेनिंगला असताना खोलीत एक सोबती होता. ते एकच वर्ष मी खरा जगलो. मग त्याचं लग्न ठरलं. मंगलाष्टकं मी म्हणावीत असा त्याचा आग्रह होता. माझा आवाज चांगला होता. मी म्हटली. त्यानंतर गाणं बंद, सगळंच बंद. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, शाळा, घर. लोक म्हणायचे, मास्तर म्हणजे संत माणूस. संत कसला. कुलूप होतो.

तो शिमगा होऊन गेला आणि काही दिवसांनी सकाळी परसात मोठ्याने कोणी बोललं. बाहेर गेलो तर सुरंगीच्या झाडाखाली एक माणूस वर बघत उभा. पन्नाशी ओलांडलेला, आडवा बांधा, डोक्यावर टक्कल, दंडाला ताईत. विश्राम. वाडीच्या खालच्या अंगाचा. जन्म मुंबईच्या गिरणीत गेला, संप सुरू होऊन वर्ष उलटलं तसा ट्रंक आणि पखवाज घेऊन घरी आला होता. बायको वारून खूप वर्षं झालेली. मुलगी देवगडकडे दिलेली.

"मास्तरानू," तो ओरडला, "फुलां फुकट जातत. काडू?"

मी म्हटलं, एवढ्या मोठ्याने का बोलतोस. त्याने कानाला हात लावून दाखवला. मागाच्या आवाजात त्याचे कान गेले होते. एक पुरता, दुसरा अर्धा. समोरच्याच्या ओठांकडे बघून तो बरंचसं ओळखायचा, पण स्वतः बोलायचा ते गिरणीतले साचे, म्हणजे माग, चालू असल्यासारखं. त्या माणसाला कुजबुजता येत नव्हतं. पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

मी काढ म्हटलं. तो झाडावर चढला, ओचा भरून उतरला आणि पडवीत ओवायला बसला. जाडे हात, फुलं चुरगळत होती. मला बघवेना. मी शेजारी बसून सोप हातात घेतला. लहानपणानंतर न शिवलेलं काम. बोटं थांबलीच नाहीत.

विश्राम बघत राहिला. मग म्हणाला, "तुमचो हात आवशीसारखो चलता." माझ्या आईला त्याने बाजारात बसलेलं पाहिलं होतं.

थोड्या वेळाने त्याने मान खाली घालून, पण रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शिमग्याक तुमच्या दारात मी पण व्हतंय. मी पण व्हय म्हटलंय. सगळे म्हणत म्हणान. माका ता बरां वाटाक नाय."

माझ्याजवळ येऊन असं म्हणालेला तो पहिला माणूस.

तो रोज यायला लागला. फुलं संपली तरी. पावसात त्याच्या घराची एक भिंत बसली आणि मी त्याला माझ्याकडे राहायला बोलावलं. घर बांधून होईपर्यंत, असं वाडीत सांगितलं. घराला दुसरा हात लागला. तो कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडून आणायचा आणि त्यांचं असं तिखट कालवण करायचा की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. पोरं घाबरतात तसा मी ताटाला घाबरायचो. तो म्हणायचा, "जेवतास काय पेपर तपासतास?" संध्याकाळी पखवाज घेऊन बसायचा. हाताला कंप कळतो, म्हणायचा, कानांची गरज नाय. आणि मी गायलो. मंगलाष्टकांनंतर बंद पडलेला गळा. आवाज फाटला, सूर सुटला. त्याला ते ऐकू येत नव्हतं हे माझं भाग्य. तो माझ्या छातीवर तळवा ठेवायचा आणि गाणं तिथून घ्यायचा.

केव्हातरी 'मास्तरानू' गेलं आणि 'रे' आलं. "खंय आसस रे?" अशी हाक परसातून यायची. आई गेल्यापासून मला कोणी रे म्हटलं नव्हतं. सर, गुरुजी, मास्तर. माणूस म्हणून मला हाक मारणारं जगात कोणी उरलेलं नव्हतं.

मालवणच्या बाजारातून मी निळ्या चौकड्यांचा सदरा घेतला. आयुष्यातला पहिला रंगीत. विश्राम म्हणाला, "आता दिसतस माणसासारखो. इतकी वर्सा खडूसारखो दिसायचस." भाद्रपदात ऊन पडलं की आम्ही धामापूरच्या तळ्यावर आंघोळीला जायचो. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून तो माझ्या पाठीला खोबरेल चोळायचा. माझ्या पाठीला कोणाचा हात माहीत नव्हता. साठीच्या उंबऱ्यावर मला कळलं की मला गुदगुल्या होतात. हसू येतं त्याबरोबर रागही येतो. एवढं साधं सुख, आणि ते मला मिळू नये म्हणून अख्खं गाव इतकी वर्षं हात जोडून उभं होतं.

त्या माणसाला कुजबुजता येत नव्हतं, म्हणून वाडीला सगळं कळत होतं. "पाय चेपतंय, पड वायच," हे पाणंदीपर्यंत ऐकू जायचं. "तू नसलस काय घर खाक येता," हेही. विहिरीवर बाया गप्प व्हायला लागल्या. भजन ऐकायला बसलो की माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. गजा कंडक्टर मला तिकीट देताना म्हणाला, "मास्तरानू, दोन फुल काय? आज नवरो खंय?" गाडीत सगळे हसले. मी एकच घेतलं आणि खिडकीबाहेर बघितलं. शिमगा नव्हता तरी मी नियम पाळला.

दिवाळीनंतर आप्पासाहेबांनी बोलावणं पाठवलं. मी बाकावर बसायला गेलो तर म्हणाले, "इकडे, खुर्चीवर बसा." तेव्हाच मला भीती वाटली.

त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं. शाळेची नवी खोली होते आहे, तिला माझं नाव द्यायचं संस्थेच्या मनात आहे. दगड कोरायला द्यायचा आहे. मी कुळाचा मुलगा. माझ्या बापाला सही येत नव्हती. मला ते नाव हवं होतं. किती हवं होतं ते सांगायला आज लाज वाटत नाही.

मग म्हणाले, त्याआधी दोन गोष्टी. त्या गिरणीवाल्याला वाट दाखवा. आणि एक स्थळ आहे. इन्सुलीकडची बाई, चाळिशीची, भावाकडे राहते, भावजयीच्या हाताखाली दिवस काढते. "तुम्हाला जेवण मिळेल, तिला छप्पर. लोकांची तोंडं बंद होतील. या शिमग्याला तुमच्या दारात गाऱ्हाणं घालू, चेष्टेचं नाही, खरं. देवासमोर एकदा झालं की झालं."

मी म्हणालो, आप्पासाहेब, विश्राम कोणाच्या अध्यात नाही.

ते पहिल्यांदा एकेरीवर आले. "तू लहानपणापासून तसलाच. आम्ही झाकून ठेवलं. आमच्या घरचं मीठ खाल्लंयस, ते विसरू नको."

म्हणजे त्यांना माहीत होतं. दरवर्षी मिशीवाली नवरी पाठवताना माहीत होतं. नेम धरून मारत होते.

त्या बाईला कोणी विचारलं का, असं मी विचारायला हवं होतं. ती माझ्या घरात येऊन काय करणार होती? माझ्या खोटेपणाला आयुष्यभर भाकऱ्या भाजून घालणार. तिच्या नशिबी आधीच एका घरातलं मोलकरीणपण होतं, त्यात आम्ही दोन म्हातारे मिळून तिला दुसऱ्या घरात ढकलणार. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी काय म्हणालो?

"बघतो."

पायऱ्या उतरताना मी स्वतःला जितक्या शिव्या दिल्या तितक्या कोणी मला दिलेल्या नाहीत. बी.ए. झालो. इतक्या पोरांना 'मान ताठ ठेवा' म्हणून निबंध लिहायला लावले. आणि स्वतः बघतो.

विश्रामला सांगायचं तर घरात सोय नव्हती. त्याला ऐकू जायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडलं तर वाडीला कळतं. मी त्याला मालवणला घेऊन गेलो. किनाऱ्यावर, लाटा फुटतात तिथे जवळ बसलो, आणि त्याच्या अर्ध्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. आमच्या आयुष्यातलं एकमेव गुपित आम्ही समुद्राच्या आडोशाने बोललो.

तो बराच वेळ वाळूत रेघा ओढत होता. मग म्हणाला, "मगे मी जातंय. माझा काय, एक ट्रंक नि एक पखवाज. तुझा नाव दगडार येवंदे."

मी नकारार्थी मान हलवली. तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "पण तू काय म्हटलस तेका?"

"बघतंय म्हटलंय."

तो हसला. वाईट हसला. "संपात सायब म्हणालो, माफी मागा, आत घेतंय. मी मागाक नाय. काम गेला, कान आदीच गेलेले. पण बघतंय म्हणाक नाय रे मी. माका जा म्हण नायतर रव म्हण. ह्या मधला माका झेपणा नाय."

मी उठून कपड्यांची वाळू झटकली. पुढचे महिने तसेच गेले. तो राहिला, पण त्याची ट्रंक पडवीत दाराशी येऊन बसली. पखवाजावर धूळ. बोलायचा ते कामापुरतं. माझं गाणं पुन्हा बंद. मला त्याचा राग यायचा, आप्पासाहेबांचा यायचा, आणि फिरून तो माझ्यावरच यायचा. घरात सुख आलं होतं आणि मी त्याला उंबऱ्यावर उभं करून ठेवलं होतं. आत ये म्हणायची हिंमत नाही, जा म्हणायची नाही.

सुरंगी फुलली. शिमगा आला.

या वेळी ढोल हळू वाजत होता. नवरी नव्हती. माणसं मात्र नेहमीपेक्षा जास्त. आप्पासाहेब पुढे, नाकाला रुमाल नाही. तात्या गावकराच्या हातात नारळ. विश्राम पडवीत ट्रंकेवर बसला होता, अंगात बाहेरगावी जायचा सदरा. वाडी पांगली की तो देवगडची गाडी धरणार होता. त्याने मला सांगितलं नव्हतं. मला ते कळलं होतं.

मी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभा राहिलो. तात्याने सुरुवात केली. त्याचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. म्हातारा वाईट माणूस नाही. गावपण, म्हणजे गावचे रिवाज, चालवतो.

"बा देवा म्हाराजा, हो तुझो लेकरू आज तुझ्या पायाशी उभो आसा."

"व्हय महाराजा."

"हेच्या घरात जो परको माणूस रवता, तेका तेची वाट दाखय."

"व्हय महाराजा."

"आनि हेचो संसार उभो कर. गावाक लाज येयत असा काय हेच्या हातसून होवक देव नको."

"व्हय महाराजा."

मग सगळे माझ्याकडे वळले. सवयीने माझे हात जुळायला लागले होते. मी ते खाली घेतले.

"न्हय महाराजा," मी म्हणालो.

हळू म्हणालो. पुढच्या चार-दोन माणसांनीच ऐकलं असेल. तात्याचा नारळ तसाच राहिला. असं कधी झालेलं नव्हतं, म्हणून पुढे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. आप्पासाहेबांना मात्र माहीत होतं. ते हसत पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "शिमगा आहे बाबा. मास्तरांनीसुद्धा आज चेष्टा केली." आणि मला हळूच, "म्हण. मागच्या लोकांनी ऐकलेलं नाही. म्हणून टाक."

दार उघडं होतं. मी पुन्हा 'व्हय' म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथे बसलं असतं. नाव दगडावर. बाई चुलीशी. विश्राम गाडीत.

पडवीतून आवाज आला. मोठा, साचे चालू असल्यासारखा.

"काय म्हटलस रे? माका आयकाक येवक नाय."

तो उभा राहिला होता. गर्दीच्या डोक्यांवरून माझे ओठ शोधत होता. मधे आप्पासाहेब होते, त्यांच्या आड मी त्याला दिसत नव्हतो.

मी आप्पासाहेबांचा हात खांद्यावरून काढला आणि बाजूला सरकलो. वर्गाच्या शेवटच्या बाकाला ऐकू जावं म्हणून जन्मभर कमावलेला आवाज होता. तो पुरा लावला.

"न्हय म्हटलंय. न्हय महाराजा. ह्या घरात हो परको नाय. हो माझो माणूस. खोट माझ्यात नाय. आनि माझ्या दारात माझ्या वतीन देवाक कोणी काय सांगाचा नाय."

कोणी हसलं नाही. ढोलवाल्याच्या हातातली काठी ढोलाला नुसती टेकून राहिली. तात्याने नारळाकडे बघितलं. न फोडलेला नारळ तो परत नेऊ शकत नव्हता आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवूही शकत नव्हता. शेवटी त्याने तो खळ्यातच जमिनीवर ठेवला आणि पाठ न फिरवता चार पावलं मागे गेला, देवळात जातो तसा. आप्पासाहेब मला म्हणाले, "पस्तावशील." शुद्ध मराठीत. मी त्या शिमग्याला कोणाला काही दिलं नाही.

माणसं गेली. विश्रामने ट्रंक उचलली. मला वाटलं, निघालाच. त्याने ती माजघरात नेली आणि कोपऱ्यात, पखवाजाच्या बाजूला ठेवली. मग बाहेर येऊन म्हणाला, "नारळ खळ्यात कित्याक पडान रवलो? कुर्ल्यांक व्हयो." आणि तो कोयता आणायला गेला.

हे सगळं होऊन वर्ष होत आलं. चांगलं काही घडलं असं मला लिहायचं नाही, कारण घडलेलं नाही. शाळेच्या खोलीला आप्पासाहेबांच्या वडिलांचं नाव लागलं. भजनाचं बोलावणं येत नाही. विश्रामची मुलगी एकदा आली, दारातूनच बोलली आणि गेली. त्या दिवशी तो जेवला नाही. दुकानात आमचं सामान शेवटी काढतात. माझे जुने विद्यार्थी रस्त्यात दिसले की काहीजण नमस्कार करतात, काहीजण चप्पल बघतात. इन्सुलीच्या त्या बाईचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. तिच्याबद्दल मनाला टोचत राहतं. तिची कोणाला गरज होती ती फक्त लोकांची तोंडं बंद करायला.

थोरल्या घराने मला शिकवलं. त्यांच्या पोफळींना मी पाणी घातलं, त्यांच्या शाळेत त्यांच्या गावाची पोरं जन्मभर शिकवली. अक्षरं त्यांनी दिली, हे मी मरेपर्यंत सांगेन. पण हे शरीर त्यांनी दिलेलं नाही. हे प्रेम त्यांच्या कंदिलाखाली सापडलेलं नाही. मीठ खाल्लं म्हणजे जीभ विकली असं होत नाही. एवढी एक गोष्ट मी वर्गात कधी शिकवली नाही. आता शिकवतो आहे.

यंदा सुरंगीला फूल भरपूर आहे. सकाळी विश्राम चढतो, मी ओवतो. मालवणच्या बाजारात आई बसायची त्याच जागी मी सोमवारी पाटी घेऊन बसतो. निळा चौकड्यांचा सदरा, आणि मनगटाला एक वळेसर. पहिल्या सोमवारी आप्पासाहेबांची जीप समोरून गेली. काच खाली होती. मी हात खाली घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात शिमगा आहे. ते येतील. नवरी घेऊन येतील किंवा नारळ घेऊन, किंवा हातात दगडही असतील. मी खळ्यात उभा असेन आणि विश्राम पडवीत. जे म्हणायचं ते मी मोठ्यानेच म्हणेन. आमच्या घरात हळू बोललेलं ऐकू येत नाही.